लाल खुंटीची ज्वारी

मी ज्वारीचे फोटो काढायला अमरावतीला जातो, अशी आवई अकोल्यात कोणीतरी उठवली आणि ती माझ्या नोकरीभर मला चिकटून राहिली. भाजी घ्यायला बाजारात गेलो तरी कोणी ना कोणी विचारायचंच, “काय कामदारसाहेब, फोटूत ज्वारी हासली का?” आधी मी चिडायचो. स्वभावच तापट, त्याला औषध नाही. मग मीही सांगू लागलो की ज्वारी चांगली हसते, गहू मात्र फार लाजतो.

आवई अगदीच खोटी होती असं नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. शेतकी खात्यात ‘कामदार’ नावाचा एक प्राणी असे. साहेबाने डोक्याने करायचं आणि मजुराने हाताने करायचं, या दोन्हींच्या मध्ये जे काही सांडतं ते उचलणारा. तो मी. अकोल्याबाहेर बियाणं तयार करण्याची एक सरकारी शेती होती, सगळे तिला फारमच म्हणत. तिथे आमचे साहेब होते दामले, पुण्याकडचे, हडकुळे, सदा उपाशी दिसणारे. त्यांनी परदेशातल्या कागदांत वाचलं होतं की डॉक्टर छातीचा फोटो काढतात त्या क्ष-किरणांखाली धान्याचं बी ठेवलं, तर त्याच्या आतली घडण हलते आणि वेगळ्याच चालीची रोपं निघतात. झालं. साहेबांना ज्वारीवर तेच करून पाहायचं होतं. क्ष-किरणांचं यंत्र होतं अमरावतीच्या एका खाजगी डॉक्टरांकडे. बी नेण्याआणण्याचं काम अर्थातच मध्ये सांडलं, आणि मी उचललं.

हे कशासाठी, ते सांगतो. आमची ज्वारी पुरुषभर उंच वाढायची. कणीस भरलं आणि वारा सुटला की आख्खं वावर आडवं. साहेबांना हवी होती बुटकी, दणकट, वाऱ्याला न लोळणारी ज्वारी. किरणांनी ती मिळेल अशी खात्री नव्हती. किरण काही विचारून घुसत नाहीत. बहुतेक बियांचं वाटोळंच होतं. काही उगवतच नाहीत, काही उगवून दोन पानांवर मरतात, काहींची पानं पिळवटतात, त्यांवर पांढरे पट्टे येतात, काहींना कणीस येतं पण दाणा भरत नाही. या सगळ्या पडझडीत एखादं रोप चुकून कामाचं निघालं तर निघालं. त्या एकासाठी हा सगळा खटाटोप.

बाळापूरकडचे एक पाटील हे ऐकून पोतंभर ज्वारी बैलगाडीत घालून आले होते. म्हणे, “याच्यावरबी मारा थोडी इज. दुप्पट पिकते म्हन्तात.” मी म्हटलं, “पाटील, दुप्पट नाही, निम्मंही पिकणार नाही. आम्ही बुटकी ज्वारी शोधून राहिलो.” पाटलांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “बुटकी? आन् कडबा? माये बैल काय तुमचे फोटू खातीन?” पुढे खरोखर एक झकास बुटकी ज्वारी आम्हाला मिळाली, आणि कडबा नाही म्हणून ती एकाही कास्तकाराने घेतली नाही. त्याची खंत आजही आहे, पण ती वेगळी गोष्ट. मला सांगायचं आहे ते सुभद्रेबद्दल.

सुभद्रा फारमवर निंदणाला यायची. तिचा नवरा किसन आमच्या बैलजोडीवर गडी होता. लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात मूल नाही. सासू रोज एक टोमणा मारल्याशिवाय पाणी पीत नसे. त्यात त्या वर्षी सुभद्रेला खोकला लागला, तो उन्हाळाभर हटेना. क्षयाचं नाव कोणी घेत नव्हतं, पण विहिरीवर बायका तिची घागर आपल्या घागरीला लागू देत नव्हत्या. मी पेरणीच्या तोंडावर बी घेऊन अमरावतीला निघालो तेव्हा किसन म्हणाला, “भाऊ, तुमी डॉक्टरकडंच जाऊन राह्यले, तं हिले बी नेऊ का संगं?”

निघालो तिघं. बडनेऱ्याला गाडी बदलली, अमरावतीला टांगा केला. डॉक्टर माणूस देवासारखा. त्यांनी आधी सुभद्रेची पाठ ठोकून पाहिली आणि स्वतःहूनच म्हणाले, “एक फोटो काढून घेऊ, मनात शंका नको.” तिला फळीला छाती टेकवून उभं केलं, श्वास धरायला लावला, यंत्र जरासं गुरगुरलं, संपलं. मग आमचं बी. कोरड्या ज्वारीची पुडी यंत्राखाली अगदी जवळ ठेवली, आणि यंत्र चालवलं चांगलं तासभर, मध्ये मध्ये थंड होऊ देत. खोलीत विजेचा तो करपट वास भरला. एक पुडी भिजवलेल्या बियांची होती. ती ठेवताना मी शहाणपणाने किसनला समजावत होतो, “कोरडं बी झोपलेलं असतं रे, ते पुष्कळ सोसतं. ओलं जागं झालेलं असतं, ते लवकर जळतं.” सुभद्रा कोपऱ्यात पदर सावरून बसली होती. ती ऐकते आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

छाती साफ निघाली. साधा जुना खोकला, डॉक्टरांनी औषध दिलं. किसन तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडला. येताना गाडीत सुभद्रेने त्याची फिरकी घेतली, “मी मरून नाई राह्यली म्हनून रडून राह्यले का तुमी?” अख्खा डबा हसला.

फारमवर आम्ही एकेक दाणा हाताने टोबला. ओळींच्या तोंडाशी रंगीत खुंट्या ठोकल्या. पांढरी खुंटी म्हणजे किरण न दाखवलेलं बी, ताडून पाहायला. लाल खुंटी म्हणजे तासभर किरणांखाली ठेवलेलं कोरडं बी. काळी खुंटी म्हणजे ओलं. पांढऱ्या खुंटीची ज्वारी झपाट्याने वर आली. लाल खुंटीची उशिरा, विरळ, वेडीवाकडी. एखाद्या पानावर पांढरा पट्टा, एखादं रोप वितीवरच थांबलेलं. काळ्या खुंटीच्या ओळी जवळजवळ रिकाम्या. साहेब खूष होऊन त्या ओळींतून फिरत होते. वाकडं रोप बघून एवढा आनंद होणारा माणूस मजुरांनी कधी पाहिला नव्हता.

श्रावणात एक दिवस निंदणाच्या बायका भाकरी खायला झाडाखाली गेल्या. सुभद्रा मागे राहिली, लाल खुंटीपाशी उकिडवी बसून.

“भाऊ, एक इचारू?”

“विचार.”

“माया फोटूले कोनती खुंटी?”

मला आधी समजलंच नाही. मी हसून म्हणालो, “तुझ्या फोटोला कशाला खुंटी?”

ती हसली नाही. “मले दिवस हायेत,” ती म्हणाली. “आपन गेलो होतो ना अमरावतीले, तवाच राह्यले होते. मले कुठं मालूम होतं?”

एवढ्या वर्षांनी दिवस राहिले होते. मी तिचं अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. ती त्या पिळवटलेल्या रोपावर बोट फिरवत होती.

मी घाईघाईने बोलत सुटलो. “पांढरी गं, पांढरी खुंटी! हे बी तासभर होतं यंत्राखाली, अगदी खेटून. तुझा फोटो म्हणजे पापणी लवायची देर. आणि तोही छातीचा. त्याचा आणि याचा काय संबंध?”

“पन हे बी तं कोल्लं होतं, भाऊ. झोपलेलं. तुमीच सांगतलं ना किसनले?” ती खाली मान घालून म्हणाली. “पोटातलं तं ओलं हाय. काळी खुंटी तं नाई ना माई?”

काळ्या खुंटीच्या त्या रिकाम्या ओळी समोरच होत्या. मी म्हटलं, “मी डॉक्टरांना विचारून येतो. तोवर तू काही मनात आणू नको.” आणि हे वाक्य किती फुसकं आहे ते बोलतानाच मला कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून अमरावतीला गेलो. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, “बियांना दिलं त्याच्या मानाने तिला मिळाले ते किरण म्हणजे काहीच नाही. पोटाकडे तर नावापुरते गेले असतील. माझ्या मते मूल चांगलं होईल.” मी म्हटलं, “तुमच्या मते नको, नक्की सांगा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “नक्की सांगणारा माणूस सध्या तरी या प्रांतात नाही. मी खोटं कशाला बोलू?”

परतीच्या गाडीत मी नुसता धुसफुसत होतो. कोणावर, ते माहीत नाही. तिला अर्धंच सांगावं असं मनात आलं होतं. पण ती समोर आली, सरळ डोळ्यांत बघत उभी राहिली, आणि मला दोन्ही सांगावं लागलं. चांगलं होईल असं डॉक्टरांना वाटतं, आणि नक्की कोणीच सांगू शकत नाही.

“बरं,” ती म्हणाली. “किसनले आन् बुढीले सांगू नोका.” आणि खुरपं घेऊन ओळीत बसली.

त्यानंतर ती लाल खुंट्यांच्या ओळी दुसऱ्या कोणाला निंदू देईना. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या, तुझं सासर हाय का तिथं म्हणायच्या. ती म्हणे, “माहेर हाय.” मी दुरून बघायचो. वाकड्या रोपाला ती मातीची भर द्यायची, पट्ट्याच्या पानावरची अळी चिमटीने काढायची. प्रयोगात असा लाड चालत नाही. सगळ्या ओळींना सारखीच वागणूक हवी. हे तिला सांगायचा माझा हुद्दा होता, धीर नव्हता. मग मी पांढऱ्या खुंट्यांनाही भर द्यायला लावली, म्हणजे हिशेब बरोबर.

आणि मग कोजागिरी आली. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून महिनाभर भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती, शेजारी भुलोजी शंकर, मातीची रंगवलेली जोडी. पोरीबाळी रोज दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन तिच्यापुढे गाणी म्हणतात. कोजागिरीला तिच्यावर मांडव घालायचा तो ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे उभ्या ताटांचा, कणसासकट. त्यासाठी वावरातले सगळ्यांत उंच, सगळ्यांत भरदार धांडे निवडायचे असा रिवाज.

कोजागिरीच्या दिवशी उन्हं उतरताना मी फेरी मारायला गेलो तर लाल खुंट्यांच्या ओळींतून पाच ताटं कापून नेलेली! विळ्याचे ताजे घाव. माझ्या डोक्याची शीरच उठली. आमचं लाडकं बुटकं ताट, ज्याच्या कणसावर परागाची भेसळ होऊ नये म्हणून कागदी पिशवी बांधली होती, ते गेलं की काय म्हणून मी पळालो. ते होतं. मग मी आणखीनच चक्रावलो. नेलं काय तर वितीभर खुरटलेलं एक, पिळवटलेलं एक, पट्ट्याच्या पानाचं एक, आणि दोन वांझ कणसांची. उद्या साहेब पाहणीला येणार होते, आणि वांझ कणसांचीच तर मोजदाद व्हायची होती.

तरातरा मजुरांच्या खोल्यांकडे गेलो. दिवेलागण झाली होती. सुभद्रेच्या दारात बायकांची गर्दी, पण टिपऱ्या वाजत नव्हत्या. आत भुलाबाईवर ते पाच धांडे बांधलेले. खुरट्याला तर खाली दगड देऊन उंच केलेलं, मांडवाला पुरावं म्हणून. सासू कपाळ बडवत होती, “अवो माय, भुलाबाईले वांझ कनसं? पोटुशी हायस ना तू? काही इचार?”

सुभद्रा दिव्यात तेल घालत होती. तिने वर पाहिलं, मलाही पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भरले धांडे तं समदेच आनतात. या वाकड्यायले कोन आनीन? भुलाबाई माय हाय ना? मंग तिले वाकडं-सरळं काहून पाह्याचं? मी बी नाई पाहनार. जे येईन ते माया मांडवात.”

सासूला काही समजलं नाही. बाकीच्यांनाही नाही. मला समजलं, आणि मी शिव्या द्यायला आलेला माणूस उंबऱ्याबाहेर खुळ्यासारखा उभा राहिलो. मग कोणीतरी पोरीने टिपरीवर टिपरी मारली आणि गाणं सुरू झालं. मीही खिशातले दोन पैसे भुलाबाईपुढे ठेवले आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ओळ तपासली. “पाच झाडं कुठं गेली हो?”

“भुलाबाईकडे गेली, साहेब.”

“भुलाबाई कोण? आपल्या हजेरीवर आहे का ती?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भुलाबाईही, आणि सुभद्रेचं पोटही. मी विश्वासाने सांगावं असे ते एकटेच होते. ते बांधावर बसले, हातातलं ढेकूळ फोडलं. मग उठून कपडे झटकत म्हणाले, “पुढच्या वर्षी लाल खुंट्यांना थोडं जास्त बी टोबा. भुलाबाईचं धरून.”

माघात सुभद्रेला मुलगी झाली. सुइणीने बाहेर येऊन सांगितलं की सगळं जिथल्या तिथं आहे, आणि किसनपेक्षा मीच आधी मटकन खाली बसलो. मुलीचं नाव पार्वती ठेवलं, हाक पारू. सासूचे टोमणे बंद झाले. मी म्हटलं, सुटलो.

कुठला सुटतो! पुढच्या पेरणीला लाल खुंटीच्या सगळ्यांत देखण्या ताटांचं बी आम्ही वेगळं टोबलं. ही ताटं सरळ होती, हिरवीगार होती, कणसं टपोरी होती, कुठे काही उणं नव्हतं. आणि त्यांच्या पोटची रोपं वर आली त्यात मधूनमधून पांढरी. पट्ट्याची नव्हेत, दुधासारखी पांढरीफटक. अशा रोपाला हिरवेपणाच नसतो, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. दाण्यातली शिदोरी असते तोवर जगतं, मग मान टाकतं. साहेब म्हणाले, “आईबाप चांगले दिसले तरी दोष आत दडून बसतो, आणि त्यांच्या पोरांत वर येतो, तो असा.”

साहेब ज्वारीबद्दल बोलत होते. माझ्या डोळ्यांपुढे पारू होती, बांधावरच्या झोळीत पाय नाचवणारी, आणि पुढे कधीतरी तिला होणारी लेकरं. ज्वारीचं वेगळं असतं, पिशवीत बांधलेल्या कणसाचं स्वतःशीच लग्न लागतं, म्हणून दडलेला दोष दोन्हीकडून येऊन उघडा पडतो. माणसाचं तसं नसतं. हे डोक्याला पटत होतं, जिवाला पटत नव्हतं. मी मुकादमाला सांगून सुभद्रेला कपाशीच्या वावरात लावलं, त्या ओळींकडे फिरकूच द्यायचं नाही म्हणून. बाईने एकदा सोसलं तेवढं बस्स झालं. तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही, असं ठरवलं आणि पाळलं. घरी बायकोलाही बोललो नाही.

पारू वाढली. झाडावर चढायची, चिंचा पाडायची, मला “कामदारमामा” म्हणून हाका मारायची. तिला साधा ताप आला तरी मी चौकशीला जायचो आणि सुभद्रा म्हणायची, “तुमाले काहून एवढा घोर, भाऊ?” मध्ये इंग्रज गेले, प्रांत गेला, दामलेसाहेबही बदलून गेले. पारूचं लग्न बाळापूरजवळच्या एका खेड्यात झालं. मांडवात सगळे आनंदात, आणि मी मेला नवऱ्या मुलाकडे संशयाने बघतोय, याच्याही आत तसलंच काही दडलेलं नाही ना म्हणून. त्याचा काय दोष?

पहिल्या बाळंतपणाला पारू माहेरी आली. मी तेव्हा निवृत्त होऊन अकोल्यातच राहत होतो. ती अडली आहे असा निरोप आला आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच नाही. मी फाटकापाशी येरझाऱ्या घालत होतो, बायको विचारत होती, काय झालंय काय तुम्हाला? मग किसन आला, धापा टाकत, तोंडभर हसत. “नातू झाला, भाऊ. बलावलं हाय.”

गेलो. सुभद्रेने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि वरचं फडकं बाजूला केलं. किसनसारखा काळा कुळकुळीत. डोक्यावर काळंभोर जावळ, नखं गुलाबी, आणि रडणं असं की घर डोक्यावर घेतलं. एवढा देखणा काळा रंग मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी ओल्या डोळ्यांनी त्याची बोटं न्याहाळत बसलो. तापट म्हातारा सगळ्यांदेखत रडतोय म्हणून पारू खुदखुदू लागली, “मामा, अवो मामा, मले काई झालं नाई ना!”

सुभद्रा माझ्या शेजारी जमिनीवर बसली. तिच्या पापण्याही सुजलेल्या होत्या. पारूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “रडून घ्या, भाऊ. मी बी आजच रडली.”

मी डोळे पुसून तिच्याकडे वळलो.

“लाल खुंटीच्या पोटचे ते पांढरे रोपं मी बी पायले होते,” ती म्हणाली. “तुमी मले कपाशीत धाडलं ना, त्याच्या आदल्याच दिवशी. पारू माया कडेवर होती. तुमाले कधी बोलली नाई. म्हटलं, तुमी तं झोपसानच नाई मंग.”